बेळगावचा व्हॅक्सिन डेपो आणि काविळीची लस

बेळगावातल्या टिळकवाडीत झाडीने भरलेल्या एका मोठ्या आवाराला आजही व्हॅक्सिन डेपो म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथली देवीची लस सबंध मुंबई इलाख्यात जाई. यकृताच्या कर्करोगाशी या जागेचे नाते चटकन ध्यानात येत नाही.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. पुढे कित्येक दशके लस दंडावरून दंडावर चालली. एका मुलाच्या फोडातला द्रव दुसऱ्याला टोचायचा, आणि त्याबरोबर पहिल्याचा आजारही दुसऱ्याच्या अंगात शिरू शके. १८८३ मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेन इथे जहाजबांधणीच्या १,२८९ कामगारांना माणसाच्या फोडातली लस टोचली. पुढच्या काही महिन्यांत त्यांतल्या १९१ जणांना कावीळ झाली. रक्तातून पसरणाऱ्या काविळीची ही पहिली नीट नोंद.

डेपोतली लस मात्र जनावराच्या अंगावर वाढे. वासराच्या पोटावरचे केस भादरून, कातडीवर ओरखडे काढून लशीचे बीज लावायचे. चार-पाच दिवसांनी फोड खरवडून तो गर ग्लिसरिनमध्ये घोटायचा. लशीतून माणसाचे रक्त असे बाहेर पडले. हे सारे देवीसाठी होते. यकृत वाचले ते नकळत. अर्थात एकच सुई अनेकांना वापरली गेली, तर धोका उरतच होता.

१९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. देवी निर्मूलनाच्या मोहिमेत उन्हाळ्यातही टिकणारी सुकवलेली लस बनवणाऱ्या भारतातल्या चार केंद्रांत बेळगाव होते. मे १९७५ नंतर देशात देवीचा स्थानिक रुग्ण आढळला नाही.

रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा एक विषाणू, हिपॅटायटिस बी, तोवर हाती आला होता. बारूक ब्लुमबर्ग यांना त्यासाठी १९७६ चे नोबेल मिळाले. हा विषाणू काहींच्या यकृतात वर्षानुवर्षे मुरतो आणि अखेर कर्करोगाला कारण होऊ शकतो. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना या विषाणूवरची लस द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. कर्करोग लशीने टळतो, याचा हा पहिला मोठा पुरावा. दारू आणि तंबाखूचा धूर हीही याच कर्करोगाची कारणे; बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेला हे सांगायलाच हवे.

भारतात ही लस २००२ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०११ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळाच्या मांडीत देतात, कारण आईकडून बाळाला लागण मुख्यतः बाळंतपणाच्या वेळीच होते.