तगरचं कापड आणि आजीची वाकळ

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

आजच्या भागाची सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच आहे.

आमच्या घरी, ढोकीत, माळ्यावर एक वाकळ होती. गोधडी म्हणा, आमच्याकडं दोन्ही शब्द चालतात. जाडजूड, जड, एका कोपऱ्यात उसवलेली. मागच्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरखाली झोपून काम करायचं होतं, म्हणून मी ती ओढून काढली आणि मातीत अंथरली. दोन तासांत तिच्यावर ऑइलचे डाग पडले. संध्याकाळी आत्या आली. तिनं ती बघितली आणि काही न बोलता खाली बसली. मग एका हिरव्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे आईचं लग्नातलं लुगडं आहे रे."

मी विचारलं, "आणि हा लाल?" ती म्हणाली, "ते आता कुणाला माहीत? आईलाच माहीत होतं."

आजी जाऊन सहा वर्षं झाली. त्या वाकळीत चाळीसेक तुकडे आहेत. त्यातल्या तीनच तुकड्यांची ओळख आत्याला सांगता आली. बाकीचे कायमचे गप्प झाले. तिथून हा भाग सुरू झाला.

आता जरा मागं जाऊ. किती मागं? जवळपास दोन हजार वर्षं.

ढोकीच्या शेजारी तेर आहे, हे तुम्हाला माहीतच असेल. गोरोबाकाकांचं तेर. पण त्याच्याही आधी या गावाचं नाव होतं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं एक पुस्तक लिहिलं, 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. समुद्रमार्गे व्यापार करणाऱ्यांसाठी माहितीपुस्तकच म्हणा ना. त्यात तो सांगतो की बॅरिगाझा, म्हणजे आजचं भरूच, तिथून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. तिथून गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भरूचला माल यायचा. माल कोणता? कापड! साधं जाडंभरडं कापड भरपूर आणि मलमलीचे नाना प्रकार. हे तगर म्हणजेच आपलं तेर, हे इंग्रज अभ्यासक फ्लीट यानं 1901 मध्ये मांडलं.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय आहे. गेला नसाल तर एकदा जाच. मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, आणि ती हस्तिदंती बाई, जिच्यासारखी मूर्ती थेट इटलीत, पाँपेईत सापडली. पण ज्या गोष्टीमुळं या गावाचं नाव परदेशी पुस्तकात गेलं, ते त्या काळचं कापड तिथं बघायला मिळणार नाही. मातीचं भांडं फुटलं तरी खापर राहतं. कापड आपल्या हवेत, आपल्या पावसात, काळ्या मातीत टिकत नाही. त्या काळच्या भारतीय सुती कापडाचे तुकडे सापडलेत ते कुठं? इजिप्तमध्ये, तांबड्या समुद्राकाठच्या बेरेनिके नावाच्या बंदरात, कोरड्या वाळूत. ते तगरचेच असं कोणी म्हणू शकत नाही. पण गंमत बघा, आपल्या सुताचा पुरावा बघायला आपल्याला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जावं लागतं.

हवापाणी हे एक कारण झालं. दुसरं कारण आपल्या घरात आहे. आपल्याकडं कापड संपेपर्यंत वापरतात.

नऊवारी लुगडं म्हणजे सुमारे आठ मीटर कापड. ते आधी सणासुदीला नेसायचं. जुनं झालं की रोजचं. बसायच्या जागी विरलं की मधला भाग कापून टाकायचा आणि दोन चांगले तुकडे जोडायचे. याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं अजून दोन वर्षं शेतात चालायचं. मग त्याचं मऊ झालेलं पोट बाळाच्या दुपट्याला जायचं. उरलेलं वाकळीला. आणि वाकळ फाटली तर तिच्यावरच नवं लुगडं चढवायचं, म्हणजे जुनी वाकळ नवीच्या पोटात! त्यामुळं एखाद्या जुन्या वाकळीचा कोपरा उसवला तर आत तीन पिढ्यांचे थर निघू शकतात. उत्खननात खाली जावं तसा काळ मागं मागं जातो.

शिवायची कशी? उन्हाळ्यात. सुगी संपलेली, पेरणीला वेळ, दुपार लांबलचक. ओसरीवर खाली एक लुगडं ताणून अंथरायचं, चार कोपऱ्यांना दगड ठेवायचे. त्यावर चिंध्या, धोतराचे तुकडे, सदऱ्याच्या पाठी, असं सगळं सारखं पसरायचं. कुठं उंच, कुठं खोल झालं तर अंगाला टोचतं. वरून दुसरं लुगडं किंवा तुकडे जोडून केलेला पाला. मग लांब टाके घालून टाचून घ्यायचं, थर सरकू नयेत म्हणून. आणि मग धावदोरा. साधा टाका, सुई खाली, सुई वर. कडेनं सुरू करून चौकोनात चौकोन घालत मध्याकडं यायचं. एकटीला हे काम कित्येक दिवस पुरायचं. म्हणून चौघी चार बाजूंनी बसायच्या. आज तुझी वाकळ, पुढच्या आठवड्यात माझी. शेतात याला सावड म्हणतात, तीच पद्धत इथं.

परदेशात गोधड्या शिवणाऱ्यांचे रीतसर संघ असतात. सभासद असतात, वर्षाचा कार्यक्रम छापलेला असतो, प्रदर्शनं भरतात. आपल्या सावडीला पाटी नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं. पण काम तेच होतं. त्याच ओसरीवर लेकीबाळींच्या सासरच्या गोष्टी व्हायच्या, कुणाच्या घरात दाणे नाहीत ते कळायचं. आणि कुठला तुकडा कुणाचा, हेही तिथंच सांगितलं जायचं, म्हणजे सुनेला आणि नातीला माहीत व्हायचं. लिहिलेलं काही नव्हतं. सांगणं हीच नोंद होती.

मग ती मोडली कधी? एका दिवसात नाही.

1877 मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी 1897 मध्ये बार्शीला पोचली आणि 1911 पर्यंत आपल्या भागातून पुढं लातूरला गेली. हद्द ओलांडायची ही गाडी बरं का, कारण बार्शी इंग्रजांकडं आणि आपण निजामाकडं. गिरणीचं कापड आलं म्हणून वाकळ थांबली नाही. उलट चिंध्या वाढल्या. दुसऱ्या महायुद्धात कापड कंट्रोलवर गेलं, तेव्हा तर एकेक तुकडा जपला गेला. 1972 च्या दुष्काळात काय झालं असेल, ते तुमच्या आजोबांना विचारा.

खरा बदल नायलॉन आणि पॉलिस्टरनं केला. नऊवारी जाऊन गोल साडी आली, ती सुती राहिली नाही. सिंथेटिक साडी विरत नाही, मऊ होत नाही, घाम शोषत नाही. तिचे थर एकमेकांवरून घसरतात. अशी साडी वाकळीत जाण्याऐवजी बोहारणीकडं गेली आणि बदल्यात स्टीलचा डबा आला. पुढं बाजारात गुबगुबीत ब्लँकेटं आली, हलकी आणि स्वस्त. आईनं ती घेतली यात तिचं काय चुकलं? भिजलेली वाकळ पिळून बघा एकदा. दोघींचे हात लागतात आणि तरी कंबर धरते. हे काम कुणी फुकट करायचं, हा प्रश्न आपण घरातल्या पुरुषांनी कधी विचारलाच नाही.

आणि इथं मला एक गोष्ट खटकते. इतिहासात गोधडी नाही असं नाही. भिक्षूंचं चीवर तुकडे जोडूनच व्हायचं. नाथपंथी जोग्यांची कंथा आहे. गाडगेबाबांना तर लोक गोधडे महाराज म्हणायचे. म्हणजे पांघरणाऱ्याचं नाव राहिलं. घरोघरी शिवणाऱ्या बायांचं नाही.

दुसरीकडं काय झालं, ते सांगतो. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. नदीच्या वळणात, तीन बाजूंना पाणी. तिथले कृष्णवर्णीय लोक म्हणजे कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांचे वंशज. तिथल्या बायका कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, कारण थंडी होती आणि पैसे नव्हते. 1960 च्या दशकात ते मतदानाच्या हक्कासाठी उभे राहिले, तर 1962 मध्ये त्यांची गावाला जोडणारी नाव बंद केली गेली. 1966 मध्ये त्या भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. आणि 2002 मध्ये त्याच गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतीवर लागल्या.

त्यातली एक 1942 ची आहे. मिसूरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा वारला, तेव्हा तिनं त्याचे शेतातले कपडे फाडून गोधडी शिवली, त्याची आठवण अंगावर राहावी म्हणून. हे आपल्याला कसं कळलं? तिच्या मुलीनं सांगितलं आणि कुणीतरी ते लिहून घेतलं. बस, एवढंच. आमच्या माळ्यावरच्या वाकळीत आणि त्या गोधडीत टाक्याचा फरक फार नसेल. विचारणारा माणूस तिकडं वेळेत आला. मी सहा वर्षं उशिरा आलो.

आता तुमच्या कामाचं बोलू.

आपल्याकडं दरवर्षी एक दिवस असा येतो, जेव्हा घरातल्या सगळ्या वाकळी आपोआप बाहेर निघतात. घट बसायच्या आधी. भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजापूरला आई भवानी मंचकावर निद्रेला जाते, तिच्या गाद्यांचा कापूस त्याआधी पिंजला जातो. देवीचं अंथरूण नीट होतं त्याच सुमाराला आपल्या घरातलं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. नदीवर, विहिरीवर, आता गच्चीवर. दोरीवर, कुंपणावर सगळ्या वाकळी वाळत पडतात.

येत्या भाद्रपदात त्या दिवशी घरी रहा. आधी पिळायला हात लावा, हे पहिलं. मग वाळत घातल्यावर मोबाइल काढा. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, उसवलेल्या कोपऱ्याचा जवळून घ्या. आणि रेकॉर्डर चालू करून आजीला, आत्याला, शेजारच्या काकूंना एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा: हे कुणाचं? कधीचं? कुणी कुणी बसून शिवलं? शिवणारीचं नाव आधी घ्या. तिचं माहेरचं नावही विचारा. फाइलला वाकळीचं नाव द्या आणि घरातल्या दोघातिघांना पाठवून ठेवा, म्हणजे एक फोन पडला तरी ती जाणार नाही. दहा मिनिटांचं काम आहे, आणि आजीला ते आवडेल, बघा तुम्ही.

आमची वाकळ आता धुऊन झालीय. ऑइलचा डाग गेला नाही. आत्या म्हणाली, राहू दे, पुढं कुणी विचारलं तर सांग की हा तुझा तुकडा. पुढच्या उन्हाळ्यात तिच्यावर नवा पाला चढवायचा ठरलंय. आत्या, आई, शेजारच्या दोघी आणि मी. मला अजून धावदोरा सरळ येत नाही. आत्यानं दोनदा उसवायला लावलाय.

भेटू पुढच्या भागात. तोवर माळा एकदा बघून घ्या.