रबरी हातमोजे
रसायने हाताळताना घालायचे जाड, कोपरापर्यंत पोहोचणारे मोजे. सर्व रसायनांना पुरे पडेल असे एकच रबर नाही. नैसर्गिक रबर सौम्य आम्लांपुढे टिकते, पण पेट्रोल-रॉकेलने फुगते. तेलांसाठी नायट्राइल, तर ॲसिटोनसाठी ब्युटाइल रबर योग्य. मोजा कोठेही फाटलेला नसला तरी काही द्रव्ये त्यातून झिरपतात. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या पातळ लॅटेक्स मोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथिल मर्क्युरीचे थेंब सांडले. ते आरपार गेले आणि जून १९९७ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर या द्रव्यासाठी आत बहुपदरी प्लॅस्टिकचा मोजा व त्यावर जाड, लांब निओप्रीनचा मोजा घालण्याची शिफारस झाली. – संपा.