संस्थापकाला शिष्यांची आज्ञा

आज्ञापालन आणि स्वशासन या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. जेथें एकाची आज्ञा चालते तेथें अनेकांचें मत चालत नाहीं, आणि जेथें अनेकांचें मत चालतें तेथें आज्ञेला धार राहत नाहीं, असें मानण्यांत येतें. त्यांतून रोमन कॅथॉलिक पंथांतील धर्मसंघ म्हटला कीं, वरून खालीं येणाऱ्या हुकमांची उतरंडच डोळ्यांपुढें उभी राहते. अशा एका संघाच्या सभासदांनीं आपला प्रमुख आपणच निवडावयाचा असें ठरविलें, आणि एकदां तर खुद्द आपल्या संस्थापकालाच आज्ञा केली, ही हकीकत म्हणूनच मनन करण्यासारखी आहे. हा संघ म्हणजे फ्रान्समध्यें उदयास आलेला ‘ख्रिस्ती शाळांचे बंधु’ हा शिक्षकांचा संघ, आणि त्याचा संस्थापक म्हणजे जाँ बाप्तिस्त द ला साल.

द ला सालचा जन्म १६५१ सालीं रीम्स शहरांतील एका श्रीमंत व प्रतिष्ठित घराण्यांत झाला. सोळाव्या वर्षींच त्याला तेथील महामंदिराच्या धर्ममंडळांत मानाचें व उत्पन्नाचें आसन मिळालें, आणि १६७८ सालीं त्यानें धर्मगुरूची दीक्षा घेतली. शाळा काढणें हें त्याचें ध्येय नव्हतें. १६७९ सालीं आद्रियाँ नियेल नांवाचा एक गृहस्थ गरीब मुलांसाठीं मोफत शाळा काढण्याच्या हेतूनें रीम्सला आला, आणि त्याला साहाय्य करतां करतां द ला साल या कामांत ओढला गेला. मास्तर मिळत ते अल्पशिक्षित, तुटपुंज्या वेतनावर आलेले, आणि दुसरें काम मिळतांच शाळा सोडून जाणारे. त्यांना वळण लागावें म्हणून त्यानें प्रथम त्यांना आपल्या पंक्तीला घेतलें, व १६८१ सालीं आपल्या वाड्यांतच राहावयास आणलें. हें त्याला सोपें गेलें नाहीं. या मास्तरांची योग्यता आपण आपल्या खाजगी नोकराहूनहि कमी समजत होतों, असें त्यानें पुढें स्वतःच लिहून ठेविलें आहे. नातेवाईक रुष्ट झाले. तेव्हां पुढच्याच वर्षीं तो वाडा सोडून मास्तरांसह भाड्याच्या घरांत राहावयास गेला.

त्या सहवासांत एक प्रसंग घडला. उद्यांची चिंता करूं नका, ईश्वरावर भार टाका, असा उपदेश द ला साल मास्तरांना करीत असे. मास्तरांनीं त्याला सरळ उत्तर दिलें कीं, ज्याच्या घरीं संपत्ति आहे आणि ज्याला धर्ममंडळाचें उत्पन्न आहे त्याला असें बोलणें सोपें आहे. उद्यां शाळा बुडाल्या तर तो उपाशी मरणार नाहीं, मास्तर मात्र रस्त्यावर येतील. हें उत्तर त्याच्या जिव्हारीं लागलें. १६८३ सालीं त्यानें धर्ममंडळांतील आसन सोडलें, आणि १६८४-८५ च्या दुष्काळांत आपलें धन भुकेल्यांना अन्न देण्यांत वेंचलें. पुढाऱ्यानें अनुयायांना शिकवावें ही जगाची रीत. येथें अनुयायांनीं पुढाऱ्याला त्याच्याच उपदेशाचा अर्थ शिकविला. सभासदांच्या शब्दाला या संघांत पुढें जें वजन आलें, त्याचें बीज या संभाषणांत आहे.

यानंतर मास्तरांनीं ‘बंधु’ हें नांव व साधा काळा झगा हा वेष स्वीकारला. त्यांचा प्रमुख त्यांच्यांतलाच असावा असें द ला सालला मनापासून वाटे. १६८६ च्या सुमारास त्यानें प्रमुखपद सोडून आंरी लरू नांवाच्या एका बंधूची निवड करविली व स्वतः त्याच्या आज्ञेंत राहूं लागला. परंतु दीक्षित धर्मगुरूनें एका साध्या मास्तरापुढें मान लववावी, हें धर्माधिकाऱ्यांना रुचलें नाहीं, आणि द ला सालला पुन्हां प्रमुखपद घ्यावें लागलें. तेव्हां त्यानें आंरीलाच धर्मगुरु करण्याचें योजिलें; पण दीक्षेपूर्वींच आंरी मरण पावला. या मृत्यूंत द ला सालला ईश्वरी संकेत दिसला. संघांत कोणीहि धर्मगुरु असूं नये, असें त्यानें ठरविलें. कांहीं बंधु वेदीपुढें आणि कांहीं फळ्यापुढें, अशी विभागणी झाली असती तर एकाच घरांत उच्च व नीच असे दोन वर्ग पडले असते, आणि शिकविण्याचें काम खालच्या वर्गाकडे गेलें असतें. सर्वच मास्तर राहिल्यामुळें सर्वांच्या मताची किंमत सारखी राहिली.

संघ मात्र मोडकळीस आला होता. पॅरिसला १६८८ पासून शाळा सुरू झाल्या, पण अनेक बंधु सोडून गेले, कांहीं आजारी पडले. १६९१ च्या नोव्हेंबरांत द ला साल आणि निकोला वुयार व गाब्रिएल द्रोलँ हे दोन बंधु यांनीं एक व्रत घेतलें: भिक्षा मागून कोरड्या भाकरीवर राहावें लागलें तरी हें काम सोडावयाचें नाहीं. तीन वर्षांनीं, १६९४ च्या ६ जून रोजीं, बारा बंधूंनीं द ला सालसह आजन्म व्रत घेतलें. मोफत शाळा एकत्र व परस्परांच्या सहकार्यानें चालविण्याचें वचन त्यांत होतें. आज्ञापालनाचेंहि वचन होतें. पण तें कोणाला दिलें हें महत्त्वाचें आहे. केवळ प्रमुखाला नव्हे, तर संघाच्या समग्र समुदायालाहि तें दिलें होतें. द ला सालनें स्वतः तेच शब्द उच्चारून व्रत घेतलें.

दुसऱ्या दिवशीं, ७ जून रोजीं, प्रमुखाची निवडणूक झाली. आपल्यापैकीं एका बंधूला निवडा, असें द ला सालनें आग्रहानें सांगितलें. मतें मोजलीं तेव्हां सर्व मतें त्यालाच पडलीं. त्यानें पुन्हां मतदान घेण्यास सांगितलें. निकाल तोच लागला. तेव्हां बंधूंनीं एक लेख करून त्यावर सह्या केल्या. द ला साल धर्मगुरु असूनहि त्याला आपण निवडीत आहोंत, पण ही निवड पुढें दाखला म्हणून कोणी दाखवूं नये, आणि त्याच्यामागून कोणाहि धर्मगुरूला प्रमुख म्हणून आपण स्वीकारणार नाहीं, असा त्याचा आशय होता.

या लेखाची कसोटी आठ वर्षांनीं लागली. त्या काळांत मोफत शाळा चालविणाऱ्या मास्तरांना अंगभूत अधिकार असतो, हें फ्रान्समधील धर्मसत्तेला मान्य नव्हतें. सत्ता बिशपाची समजली जाई. १७०२ सालीं पॅरिसचा आर्चबिशप कार्डिनल नोआय यानें द ला सालला दूर करून ब्रिको नांवाच्या एका धर्मगुरूला बंधूंवर प्रमुख नेमलें. द ला साल स्वतः मुकाट्यानें पायउतार होण्यास तयार होता. बंधु मात्र अडून बसले. आपला प्रमुख आपण निवडलेला आहे, दुसरा आपण घेणार नाहीं, असें त्यांनीं आर्चबिशपाच्या प्रतिनिधीला तोंडावर सांगितलें. शेवटीं तडजोड झाली आणि ब्रिकोचें प्रमुखपद नांवापुरतेंच राहिलें.

बाहेरचे शत्रूहि कमी नव्हते. फी घेऊन शिकविणाऱ्या लेखनशिक्षकांच्या मंडळानें या मोफत शाळांवर फिर्यादी केल्या. १७०४ सालीं तर पॅरिसमधील शाळेचें सामानहि जप्त करविलें. पुढें क्लेमाँ नांवाच्या एका तरुणाशीं झालेल्या पैशाच्या व्यवहारावरून त्याच्या वडिलांनीं खटला भरला, आणि १७१२ सालीं निकाल द ला सालच्या विरुद्ध गेला. आपणच संघाला अडथळा होत आहोंत असें त्याच्या मनानें घेतलें. तो दक्षिणेकडे गेला. मार्सेय, ग्रनोब्ल असें करीत पार्मेनी येथील टेकडीवरच्या एकांतांत राहूं लागला. इकडे पॅरिसमध्यें बंधूंच्या घरांची वेगवेगळ्या स्थानिक धर्माधिकाऱ्यांत वांटणी होऊन संघ विस्कळित होण्याची चिन्हें दिसूं लागलीं.

तेव्हां पॅरिस, व्हर्साय आणि सँ-दनी येथील प्रमुख बंधूंनीं १७१४ च्या १ एप्रिल रोजीं त्याला तें प्रसिद्ध पत्र लिहिलें. पत्राचा आरंभ मुलांनीं वडिलांना लिहावें अशा आदरानें होतो. परंतु पुढें त्यांनीं त्याला स्पष्ट आज्ञा केली कीं, ज्या संघाच्या समुदायाला त्यानें आज्ञापालनाचें वचन दिलें आहे, त्या समुदायाच्या नांवानें त्यानें कारभार पुन्हां हातीं घ्यावा. वीस वर्षांपूर्वीं उच्चारलेल्या शब्दांचा हा अगदीं सरळ अर्थ होता. द ला सालनें तो मान्य केला. त्याच वर्षीं १० ऑगस्टला तो पॅरिसला परत आला. आपल्याकडे ‘पंचांमुखीं परमेश्वर’ असें म्हणतात. त्या पत्रांत त्याला कांहींसा तोच प्रत्यय आला असावा.

परत येऊनहि त्याचा हेतु पालटला नव्हता. १७१६ च्या अखेरीस बंधु बार्तेलेमी यानें फ्रान्सभर प्रवास करून संघाच्या घरांना भेटी दिल्या आणि महासभा बोलावण्यास बंधूंची संमति मिळविली. १७१७ च्या मे महिन्यांत रूआँजवळील सँ-इयों येथें सोळा घरप्रमुख जमले. १८ मे रोजीं त्यांनीं बार्तेलेमीला प्रमुख निवडलें व त्याच्या मदतीला दोन साहाय्यक दिले. या सभेनें केलेल्या सूचनांवरून संघाची नियमावली दुरुस्त होऊन १७१८ सालीं तिला कायम स्वरूप आलें. द ला साल त्याच घरांत एका साध्या सभासदासारखा राहिला, आणि १७१९ च्या ७ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशीं, वारला. पुढच्याच वर्षीं बार्तेलेमीहि वारला. परंतु आतां पेंच पडला नाहीं. बंधूंनीं तिमोथे याची निवड केली, आणि त्याच्या कारकीर्दींत, १७२५ सालीं, पोप तेरावा बेनेडिक्ट यानें संघाला आज्ञापत्रानें मान्यता दिली.

ही व्यवस्था निर्दोष होती असें म्हणतां येणार नाहीं. १७१७ च्या सभेंत मत होतें तें घरप्रमुखांना. वर्गावर राबणाऱ्या प्रत्येक बंधूला नव्हे. निवडलेला प्रमुख तहहयात असे. शिवाय बहुमतानें राखलेली परंपराहि जाचक होऊं शकते. गरिबांच्या मुलांना लॅटिनऐवजीं फ्रेंचमधूनच वाचावयास शिकवावें, आणि बंधूंनीं लॅटिनच्या मोहांत पडून धर्मगुरूपदाकडे वळूं नये, म्हणून लॅटिन वर्ज्य ठरविलें होतें. दोनशें वर्षांनीं अमेरिकेंतील बंधूंच्या विद्यालयांना तीच बंदी अडचणीची झाली, तरी संघाचे वरिष्ठ ती सोडीनात. अखेर १९२३ सालीं पोप अकरावा पायस यानें ती उठविली.

तरीहि या घडणीचा टिकाऊपणा वारंवार दिसून आला. राज्यक्रांतीच्या काळांत, १७९२ सालीं, फ्रान्समध्यें संघ बरखास्त झाला व त्याचा प्रमुख आगातों तुरुंगांत पडला. परंतु १८१० सालीं बंधु पुन्हां सभेस जमले आणि त्यांनीं नवा प्रमुख निवडला. १९०४ च्या कायद्यानें फ्रान्सनें धर्मसंघांना शिकविण्याची बंदी केली, तेव्हां अनेक बंधु परदेशीं गेले व तेथें शाळा वाढल्या. १९६६-६७ च्या महासभेनें संघाच्या साऱ्या जीवनक्रमाचा नव्यानें विचार केला. आज प्रमुख तहहयात नसतो. सात वर्षांसाठीं निवडला जातो. २०२२ सालीं महासभेनें फिलिपाइन्समधील आर्मिन लुइस्त्रो यांची निवड केली.

आतां सुमारे ८० देशांतील या शाळांत शिकविणारांपैकीं फार मोठा भाग व्रतस्थ बंधूंचा नसून संसारी स्त्रीपुरुषांचा आहे. त्यांनाहि कामाची दिशा ठरविण्यांत वाटा मिळावा म्हणून २००६ सालीं रोम येथें एक आंतरराष्ट्रीय परिषद भरविण्यांत आली. मात्र प्रमुखाची निवड आजहि व्रतस्थ बंधूच करतात. म्हणजे जो प्रश्न रीम्सच्या मास्तरांनीं श्रीमंत धर्मगुरूपुढें टाकला होता, तोच वेगळ्या रूपानें आज त्यांच्या वारसांपुढें आहे: शाळेचें ओझें जे रोज वाहतात, त्यांचें मत तिच्या कारभारांत किती चालावें? १७१४ च्या बंधूंनीं त्याचें उत्तर बंड करून दिलें नाहीं. दिलेलें वचन त्यांनीं जसेंच्या तसें वाचलें, आणि तें वचन संस्थापकालाहि लागू आहे एवढेंच नम्रपणें दाखवून दिलें.