आकाशगंगेंतील धूळ

ता. १७ मार्च २०१४ रोजीं अमेरिकेंत हार्वर्ड येथें कांहीं ज्योतिःशास्त्रज्ञांनीं जाहीर केलें कीं, विश्वाच्या आरंभीं उसळलेल्या गुरुत्वीय लहरींचा ठसा आपणांस सांपडला. दक्षिण ध्रुवावरील ‘बायसेप-२’ दुर्बिणीच्या तीन वर्षांच्या निरीक्षणाचें तें फळ होतें. आंद्रेइ लिंडे या ज्येष्ठ पंडिताच्या दारीं ही वार्ता पोंचली, तो प्रसंग चलच्चित्रांत टिपलेला आहे. तो पाहून, खरें सांगावयाचें तर, आम्हांलाही गहिंवर आला.

एवढा आनंद कशाचा? १९६४ सालीं न्यू जर्सींत पेंझियस व विल्सन यांच्या अँटेनांत एक मंद खरखर ऐकूं येऊं लागली. दिशा बदलली, कबुतरांची घाण धुऊन काढली, तरी ती जाईना. ती खरखर म्हणजे विश्व सुमारें ३,८०,००० वर्षांचें असतांना मोकळा झालेला प्रकाश. आज तो निवून निरपेक्ष शून्याच्या वर अवघा २.७ अंश उरला आहे. आकाशाच्या दोन्ही टोकांकडून तो सारख्याच तपमानाचा येतो. जीं टोकें एकमेकांस कधीं भेटलीं नाहींत, त्यांचें इतकें जुळावें कसें? १९८१ सालीं ॲलन गूथ यांनीं सुचविलें कीं, पहिल्या निमिषांशांत विश्व अकल्पित वेगानें फुगलें. त्यापूर्वीं तें सारें एकत्रच नांदत होतें. त्या फुगण्यानें ताणलेल्या सूक्ष्म कंपनांचा, लाखांत एक भाग इतका उष्णतेचा चढउतार १९९२ सालीं ‘कोबे’ उपग्रहानें टिपला. ‘प्लांक’ उपग्रहाची बारीक मापेंही या मताला धरूनच निघालीं. तरी निर्णायक साक्ष लहरींची, आणि ती प्रकाशाच्या ध्रुवणांत पिळाच्या आकृतीनें उमटावयाची.

ती सांपडल्याचा हर्ष वर्षभरही टिकला नाहीं. आपल्या आकाशगंगेंतील धुळीचे कण चुंबकक्षेत्रांत एका रोंखानें राहतात, व त्यांच्या प्रारणांतही तसाच पीळ दिसतो. बायसेप-२ एकाच तरंगलांबीवर पाहत होती. तेवढ्यानें धूळ वेगळी ओळखतां येत नाहीं. धूळ जेथें अधिक चकाकते, त्या तरंगांचीं मोजमापें प्लांकपाशीं होतीं. २०१५ च्या आरंभीं दोन्ही पथकांनीं मिळून हिशेब मांडला. धूळ वजा करतां निश्चित म्हणण्याजोगें कांहीं उरलें नाहीं. त्या हिशेबाखालीं पहिली घोषणा करणारांचींही नांवें आहेत, हें आम्हांस त्या घोषणेहून मोलाचें वाटतें.

यावरून फुगवट्याची कल्पनाच धुळीस मिळाली असें म्हणणारेही चुकतात. तपमानाची साक्ष होती तशीच आहे. २०२१ सालीं त्याच मंडळींनीं, आतां अनेक तरंगलांबींवर पाहून, लहरी असल्याच तर त्यांचें बळ पहिल्या आंकड्याच्या पंचमांशाहूनही कमी असलें पाहिजे, असें दाखविलें. लिंडे यांची सर्वांत साधी मांडणी त्यामुळें मागें पडली. इतर कित्येक अद्याप उभ्या आहेत, आणि ध्रुवावरील शोध चालूच आहे.