लंडनची पंपघरे आणि पटकीची साथ



पाणी उताराकडे धावते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. पाट काढताना तो आधी उतार पाहतो आणि मगच कुदळ हाती घेतो. पण उतार संपला की काय करायचे? पाणी उचलायचे! त्यासाठी मोट आली, रहाट आला, पुढे इंजिन आणि पंप आला. शहरालाही हेच करावे लागते. फरक इतकाच, की शहराला पिण्याचे पाणी जसे वर चढवावे लागते, तसे वापरून घाण झालेले पाणीही उचलून बाहेर काढावे लागते. हे दुसरे काम अर्धवट राहिले तर केवढी किंमत मोजावी लागते, ते लंडन शहराच्या इतिहासात नीट पाहायला मिळते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनची वस्ती पंचवीस लाखांच्या घरात गेली होती. पूर्वी घरोघरी मैल्याचे खड्डे असत. १८४८ च्या सुमारास ते खड्डे बंद करून घरांचे नळ गटारांना जोडायला लावले. गटारे जात टेम्स नदीत. नदीला भरती-ओहोटी असल्यामुळे ओहोटीला गेलेली घाण भरतीला पुन्हा शहरात येई. आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, कित्येक लोक पाणीही त्याच नदीचे पीत! १८४८-४९ च्या पटकीच्या साथीत लंडनमध्ये चौदा हजारांवर माणसे दगावली. १८५३-५४ च्या साथीत आणखी दहा हजारांवर गेली.

त्या काळी बहुतेक विद्वानांची समजूत अशी, की रोग दुर्गंधीतून, वाईट हवेतून होतो. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांनी १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवतीचे मृत्यू मोजून दाखवले, की पटकी पाण्यातून पसरते. पण त्यांचे म्हणणे सहजासहजी कोणाच्या गळी उतरले नाही. मग १८५८ चा कडक उन्हाळा आला. नदीला इतकी घाण सुटली, की काठावरच्या पार्लमेंटच्या पडद्यांना क्लोराइड ऑफ लाइम लावूनही सभासदांना बसवेना. नाकाशी आल्यावर मात्र कामाला वेग आला आणि काही आठवड्यांतच कायदा झाला.

काम जोसेफ बॅझलजेट या इंजिनियरकडे आले. त्यांची योजना सांगायला सोपी होती. नदीकडे उतरणारी गटारे वाटेतच आडव्या भुयारांनी अडवायची आणि सारे सांडपाणी पूर्वेला, शहराच्या खालच्या अंगाला न्यायचे. अशी मोठी भुयारे ८२ मैल बांधली. मोठ्या भुयारांना मैलामागे साधारण दोन फूट उतार ठेवला. आता हिशोब करा. दहा मैल गेले तर भुयार वीस फूट खोल गेले! उंच भागातले पाणी उताराने बाहेर पडे. पण नदीकाठच्या सखल वस्तीचे पाणी शेवटी इतके खाली जाई, की उचलल्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून पंपघरे आली.

ही पंपघरे एका साच्यातली नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या जागी बांधायचे त्या जागेला विचारून ती आखावी लागली. पाणी किती येणार? दिवसभर सारखे येणार की सकाळी एकदम? बॅझलजेट यांनी असे धरले, की दिवसाचे निम्मे सांडपाणी सहा तासांतच येते. त्यात पावसाची भर वेगळी. मग उचलायचे किती फूट? एक इंजिन बिघडले तर दुसरे कोणते चालेल? चिंध्या, लाकडे अडवायची कुठे? या प्रश्नांची उत्तरे ठरली, की यंत्र ठरते आणि मग घर ठरते.

नदीच्या दक्षिणेला क्रॉसनेस येथले पंपघर १८६५ साली सुरू झाले. तिथे जेम्स वॅट यांच्या नावाने चालणाऱ्या कारखान्याची वाफेची चार इंजिने बसवली. एकेका इंजिनाची लोखंडी तुळई ४७ टनांची आणि फिरते चाक ५२ टनांचे! उचललेले सांडपाणी एका झाकलेल्या मोठ्या तलावात साठवत आणि भरती ओसरू लागली की नदीत सोडत. म्हणजे ते समुद्राकडे जावे, शहराकडे फिरू नये.

उत्तरेकडच्या सखल भागासाठी ॲबी मिल्स येथे आठ इंजिनांचे पंपघर ठरले होते. पण १८६६ च्या उन्हाळ्यात ते तयार नव्हते. भुयारे बरीचशी झाली होती, पंप मात्र नव्हते. आणि त्याच वर्षी पटकी पुन्हा आली! लंडनमध्ये साडेपाच हजारांवर माणसे मेली, त्यांतली बहुतेक पूर्वेकडच्या गरीब वस्तीतली. जिथे नवी गटारव्यवस्था चालू झाली होती तो भाग पुष्कळसा बचावला.

विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञांनी मृत्यूंचा हिशोब मांडला, तेव्हा दिसून आले की बहुतेक बळी एकाच पाणीकंपनीच्या हद्दीतले आहेत. ली नावाच्या उपनदीत घाण जात होती आणि कंपनीच्या उघड्या तळ्यांत तेच दूषित पाणी शिरले होते. म्हणजे दोन चुका एकत्र आल्या: घाण बाहेर काढणारा पंप नव्हता आणि पिण्याचे पाणी झाकलेले नव्हते. साथ चालू असतानाच ॲबी मिल्सला तात्पुरते पंप बसवण्याचे ठरले. कायमचे पंपघर १८६८ साली सुरू झाले. १८६६ नंतर लंडनमध्ये पटकीची मोठी साथ आली नाही. १८९२ साली जर्मनीतल्या हँबुर्गमध्ये आठ हजारांवर माणसे पटकीने मेली, तेव्हाही लंडन वाचले.

सगळे प्रश्न सुटले, असे मात्र नाही. घाण शहरातून गेली, ती नदीच्या खालच्या अंगाला जमू लागली. पुढे गाळ वेगळा काढून जहाजांनी समुद्रात टाकण्याची पद्धत आली. ती १९९८ मध्ये बंद झाली. आता सांडपाणी शुद्ध करून सोडतात. क्रॉसनेसचे जुने पंपघर १९५६ साली बंद पडले; त्यातले एक इंजिन लोकांनी मेहनतीने दुरुस्त करून २००३ मध्ये पुन्हा फिरते केले. पावसात जादा येणाऱ्या सांडपाण्यासाठी टेम्सखालून २५ किलोमीटरचा नवा बोगदा खोदला, तो २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला. त्यातले पाणीही शेवटी पंपानेच वर येते!

आपल्याकडेही हेच सूत्र आहे. मुंबईत वरळीला लव्ह ग्रोव्ह येथे सांडपाणी उचलण्याचे केंद्र आहे. आणि खेड्यात नळपाणी योजना असेल, तर नदीकाठची विहीर, पंपघर आणि उंच टाकी ही तिघे भावंडे तुमच्या ओळखीचीच आहेत. गुरुजनांनी मुलांना एकदा तिथे न्यावे. पाणी किती मीटर चढते, दिवसाला किती लागते, जादा पंप आहे का, वीज गेली तर काय करतात, हे मुलांनी विचारून वहीत लिहावे. तेवढ्यात गणितही होईल आणि आरोग्यशास्त्रही. आणि हेही पाहावे, की नळाने गावात आलेले पाणी वापरून झाल्यावर जाते कुठे? ते पुन्हा त्याच विहिरीकडे तर वळत नाही ना?

नळ आला की गावात आनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण पाण्याची योजना टाकीपाशी पुरी होत नाही. वापरलेल्या पाण्याची वाट लागेपर्यंत ती अर्धीच असते. ॲबी मिल्सची भुयारे तयार होती, नुसते पंप राहिले होते. तेवढ्यात साथ आली. काम नव्वद टक्के झाले म्हणून रोग थांबत नाही, हा त्या शहराला मिळालेला धडा आपल्या गावालाही तितकाच लागू आहे.