चष्मा, कवळी आणि चौकशी

वार्धक्यात दृष्टी मंदावते, दात पडतात, कान साथ देत नाहीत, ही निसर्गाची तजवीज झाली. परंतु ज्याला चष्म्याने अजून दिसते, कवळीने चावता येते आणि यंत्राने ऐकू येते, त्याच्यापासून ही तीनही साधने काढून घेऊन त्याला खाटेशेजारी बसवून ठेवणे, हा निखालस मनुष्याचा कारभार होय. साठ वर्षांपूर्वी इंग्लंडातील काही सरकारी इस्पितळांत हा कारभार बिनबोभाट चालत असे.

त्याची मुळे जुनी होती. 1834 च्या कायद्याने निराधारांसाठी जी श्रमगृहे उभारली, त्यांत आतले जिणे बाहेरच्या गरिबातील गरीब मजुराच्या जिण्याहून हलके असावे, असा दंडकच होता. 1948 साली तो कायदा रद्द झाला, पाट्या बदलल्या, पण पुष्कळ ठिकाणी वास्तू त्याच राहिल्या, आणि वास्तूंबरोबर वहिवाटही राहिली. उत्तर लंडनातील फ्रायर्न इस्पितळ हे श्रमगृह नव्हे, पण तेही तितकेच जुने, 1851 साली वेड्यांसाठी उघडलेले. तेथे पुढे अशा कित्येक वृद्धा येऊन पडल्या, की म्हातारपण आणि निराश्रितपणा याहून वेगळा रोग त्यांना क्वचितच होता.

1965 च्या जानेवारीत बार्बरा रॉब नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाई तेथे ओळखीच्या एका वृद्धेला भेटावयास गेल्या. वृद्धेचे केस आखूड कापलेले होते. चष्मा नव्हता, कवळी नव्हती. चष्म्यावाचून वाचन खुंटते, कवळीवाचून घास गिळगिळीत होतो, यंत्रावाचून विचारलेल्याचे उत्तर भलतेच जाते. आणि मग तेच भलते उत्तर बुद्धिभ्रंशाची खूण ठरून दप्तरात नोंदले जाते. छळ म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे उगारलेला हात येतो. येथे मात्र छळ एका खणात बंद केलेल्या चष्म्यात दडलेला होता. रॉबबाईंनी पाहिले ते दिनांकवार लिहून ठेवले, ही त्यांची थोर कामगिरी.

त्याच वर्षी 10 नोव्हेंबरला ‘टाइम्स’मध्ये त्यांच्या पुढाकाराने मान्यवरांच्या सह्यांचे पत्र छापून आले, आणि 1967 साली परिचारिकांच्या जबान्यांसह ‘सान्स एव्हरीथिंग’ हा ग्रंथ निघाला. सरकारने चौकशीचा हुकूम काढला खरा. पण समित्या नेमण्याचे काम ज्या प्रादेशिक मंडळांकडे सोपविले, त्यांच्याच ताब्यात ती इस्पितळे होती. 1968 साली बहुतेक फिर्यादी निराधार किंवा अतिरंजित ठरल्या, याचे मग आश्चर्य ते काय! परंतु पुढच्याच वर्षी कार्डिफच्या ईली इस्पितळाविषयी जेफ्री हाउ यांच्या समितीने तेथील क्रौर्य आणि हेळसांड मान्य केली, मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी तो अहवाल न दडपता प्रसिद्ध केला, आणि पाठोपाठ इस्पितळे पाहून थेट मंत्र्याकडे अहवाल देणारी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. आरोपीच न्यायासनावर बसला तर चौकशी ही केवळ मखलाशी ठरते, हे समजण्यास एवढा खटाटोप लागला.

आपल्याकडे 2007 च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम स्थापण्याची तरतूद केली, आणि सांभाळावयाच्या वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगितला. ही तरतूद टाकून जाणाऱ्यासाठी आहे. आश्रमाच्या आत काय घडते, ते मात्र कोणीतरी जाऊन पाहिल्यावाचून कळत नाही. म्हणून वाचकहो, कोणा आजीला भेटावयास जाल तेव्हा केवळ सफरचंदे ठेवून आणि ‘बरी आहे ना?’ एवढे विचारून परतू नका. चष्मा नाकावर आहे का, कवळी तोंडात आहे का, हे पाहा. नसेल तर कोठे गेली ते विचारा, मिळालेले उत्तर तारखेसह लिहून ठेवा, आणि पुढच्या खेपेस वेळ न कळविता जा.