१ ऑगस्ट १९३६ : देशी खेळ निघाले बर्लिनला

१९३६ साली आजच्या दिवशी बर्लिन ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले. त्या निमित्ताने अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे हुतूतू म्हणजेच कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये हे मंडळ स्थापन केले होते. इंग्रजी अमलाखालील आयर्लंडने १८८४ मध्ये गेलिक खेळांची संघटना उभारून आपले खेळ जपले. आपल्याकडे तेच मोलाचे काम आखाड्यांनी आणि व्यायामशाळांनी केले. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीचा पदकांच्या खेळांत समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक पटकावले. बोरीवलीतल्या मैदानांवर कबड्डीचा सराव करणाऱ्या मुलामुलींना हा वारसा आवर्जून सांगायला हवा.